ताकामात्सु, दोन रात्री: शाकाहार, गुडघे आणि दुपारी दोनला बंद होणारी उदोनची दुकाने

परिस्थिती

प्रकरणातले कुटुंब नमुन्यादाखल घेतले आहे, पण त्याच्या अडचणी नेहमीच्या आहेत. पुण्याचे तिघे जण नोव्हेंबरच्या उत्तरार्धात ओसाकाला मुक्कामी आहेत: पंचेचाळिशीतला मुलगा, सून आणि मुलाची आई. आई 68 वर्षांच्या आणि शुद्ध शाकाहारी. अंडे चालत नाही, दूध-दही चालते. सपाटीवर तासभर आरामात चालतात, पण पायऱ्या उतरताना गुडघे धरतात. सून अंडे खाते, मुलाला मासे-मटण सगळे चालते. क्योतोच्या गर्दीतून बाजूला होऊन शनिवार ते सोमवार अशा दोन रात्री शिकोकु बेटावरच्या ताकामात्सुला काढायच्या आहेत.

ताकामात्सु ही कागावा प्रांताची राजधानी. जपानच्या 47 प्रांतांपैकी क्षेत्रफळाने सर्वांत लहान प्रांत हाच. त्याचे जुने नाव सानुकी, आणि जाड, चिवट गव्हाच्या शेवयांचा ‘सानुकी उदोन’ इथलाच. शहराची लोकसंख्या चार लाखांच्या थोडी वर. बंदर, किल्ला, जेआर या देशभरच्या रेल्वेचे स्थानक आणि कोतोदेन या स्थानिक रेल्वेचे चिक्को स्थानक हे सगळे एकमेकांपासून चालत पाच-दहा मिनिटांवर आहे. दोन रात्रींसाठी हे शहर फार सोयीचे आहे, फक्त त्याच्या घड्याळाप्रमाणे चालायला हवे.

कुटुंबाचा मूळ बेत असा होता: शनिवारी अकराच्या सुमारास ओसाका सोडायचे, दोनच्या आसपास पोहोचायचे, उदोन खाऊन रित्सुरिन बाग पाहायची. रविवारी तिघांनी कोन्पिराच्या देवळात जायचे. सोमवारी नाओशिमा बेटावरची कलासंग्रहालये पाहून रात्रीपर्यंत ओसाका. हा बेत तिन्ही दिवशी अडतो.

बेत कुठे अडतो

शनिवारचा अडथळा उदोनचा. इथली चांगली दुकाने कणीक आदल्या दिवशी मळून मुरवतात आणि सकाळी लाटून कापतात. ती कणीक संपली की दुकान बंद. पाटीवर दुपारी दोन किंवा तीन लिहिलेले असले तरी शनिवार-रविवारी शेवया त्याआधीच संपतात. उकडून पाण्यातून काढलेल्या शेवया वीस मिनिटे ठेवल्या तरी त्यांचा ताण जातो, त्यामुळे संध्याकाळसाठी राखून ठेवणे या व्यवसायात बसत नाही. रात्री उघडी असणारी उदोनची दुकाने शहराच्या कावारामाची भागाच्या बाजूला आहेत, पण ज्यासाठी माणसे सानुकीला येतात तो उदोन सकाळी दहा ते दुपारी एक या वेळेतला. काही दुकाने तर सकाळी सहा-सातलाच सुरू होतात. दोन वाजता पोहोचून सामान ठेवेपर्यंत हा खेळ संपलेला असतो. रित्सुरिनही नोव्हेंबरात पाचच्या सुमारास बंद होते, म्हणजे बागेला जेमतेम तास-दीड तास मिळतो.

रविवारचा अडथळा पायऱ्यांचा. कोतोहिरा गावातल्या कोन्पिराच्या मुख्य देवळापर्यंत 785 पायऱ्या आहेत, वरच्या अंतर्देवळापर्यंत 1,368. पूर्वी भाविकांना डोलीतून अर्ध्या वाटेपर्यंत नेणारी सेवा होती, ती 2020 मध्ये बंद झाली. पायथ्याची दुकाने बांबूची काठी देतात. चढताना तिचा उपयोग होतो, पण आईंची अडचण उतरण्याची आहे.

सोमवारचा अडथळा साधा, पण सर्वांत जास्त लोकांना फटका देणारा: नाओशिमावरचे चिचू संग्रहालय सोमवारी बंद असते. सोमवारी सार्वजनिक सुटी असेल तर ते उघडे ठेवून मंगळवारी बंद ठेवतात. शिवाय तिथे वेळ ठरवून आधी तिकीट काढावे लागते. बोटीने पन्नास मिनिटे जाऊन बंद दारे पाहण्यात अर्थ नाही.

आणि या सगळ्यावर पसरलेला चौथा अडथळा म्हणजे दाशी: सुके मासे आणि समुद्री शेवाळ उकळून काढलेले रस्स्याचे पाणी.

शाकाहाराची खरी अडचण शेवयांत नाही, पाण्यात आहे

उदोनच्या शेवया म्हणजे मैदा, मीठ आणि पाणी. यात अंडे नसते, प्राणिज काहीही नसते. मिठाचे प्रमाण ऋतूनुसार बदलते. जुना ठोकताळा असा: एक वाटी मिठाला कडक उन्हाळ्यात तीन वाट्या पाणी, कडक थंडीत सहा, एरवी पाच. उष्णतेत कणीक सैल पडते आणि मीठ तिचा ताण धरून ठेवते. यातले बरेचसे मीठ उकडताना पाण्यात निघून जाते.

मासे येतात ते रस्स्यातून. सानुकीच्या दाशीचा कणा म्हणजे ‘इरिको’: मांदेलीच्या कुळातले छोटे मासे, उकडून वाळवलेले. प्रांताच्या पश्चिमेकडचे इबुकीजिमा बेट त्यासाठी प्रसिद्ध आहे. त्यात कोंबू हे समुद्री शेवाळ आणि बऱ्याचदा सुकवून धुरावलेल्या कुपा माशाचा कीस. ही दाशी काके उदोनच्या रस्स्यात असते, बुक्काकेच्या घट्ट रसात असते, झारु या गार, बुडवून खायच्या उदोनसोबतच्या वाटीत असते, ओदेन या मंद शिजणाऱ्या रस्साभाजीच्या भांड्यात असते, इनारी सुशीची तोफूची पिशवी शिजते तीही बहुधा तिच्यातच. थंडीत मिळणारा शिप्पोकु उदोन मुळा, गाजर, अळकुड्यांनी भरलेला असतो, फोटोत अगदी सात्त्विक दिसतो, पण रस्सा इरिकोचाच.

दुकानदाराला ‘शाकाहारी’ म्हटले की तो मांस काढून टाकतो आणि दाशी तशीच ठेवतो. यात फसवणूक नसते. रस्स्यात मुरून गेलेल्या माशाला तो मासा खाणे म्हणत नाही, जसे मराठी घरात फोडणीतल्या हिंगाला कुणी वेगळा पदार्थ मानत नाही. म्हणून प्रश्न विचारायचा तो दाशीचा, मांसाचा नाही.

पुष्कळ शाकाहारी प्रवासी इथपर्यंत पोहोचतात आणि ‘शोयु उदोन’ मागवतात, म्हणजे शेवयांवर नुसता सोया सॉस. कल्पना बरोबर, पण टेबलावरच्या बाटलीत अनेकदा ‘दाशी-जोयु’ असतो: मासळीची दाशी मिसळलेला सोया सॉस. कागावात तो घरोघरी वापरतात. रंगावरून ओळखता येत नाही. विचारायचे वाक्य: “कोनो शोयु नि दाशी वा हाइत्ते इमासु का?” (या सोया सॉसमध्ये दाशी आहे का?) उत्तर ‘हाइ’ (हो) आले, किंवा माणूस विचारात पडला, तर ती बाटली बाजूला ठेवायची.

या प्रकरणात आईंसाठी ठरवलेला उपाय म्हणजे कामाआगे उदोन आणि स्वतःचा सोया सॉस. कामाआगेमध्ये शेवया उकळत्या कढईतून थेट वाडग्यात येतात, त्यांच्याच उकडलेल्या पाण्यासह. बुडवून खायचा रस वेगळ्या वाटीत असतो. तो नको म्हणायचा: “त्सुयु नाशी दे ओनेगाइ शिमासु.” आणखी एक फायदा असा, की बाकीचे उदोन उकडल्यावर गार पाण्यात धुऊन घट्ट करतात, कामाआगे धुतला जात नाही. त्यामुळे तो मऊ असतो, आणि सानुकीचा चिवटपणा ज्यांच्या दातांना पेलत नाही त्यांना सोपा जातो. तोटा एकच: ताजा घाणा उकळेपर्यंत दहा-पंधरा मिनिटे थांबावे लागते.

सोया सॉस ओसाकातच सुपरमार्केटमधून घ्यावा. लहानात लहान बाटली पुरते. घटकांत फक्त सोयाबीन, गहू, मीठ (काहींत अल्कोहोल) असावे. फोनवरच्या कॅमेरा-भाषांतराने तपासता येते. दुकानात बाटली काढण्याआधी दाखवून विचारावे. अॅलर्जी किंवा आहाराचे कारण सांगितले तर सहसा हरकत घेत नाहीत, पण डबा उघडून जेवण मांडणे मात्र इथे वाईट दिसते. पुण्याहून आणलेल्या मेतकुटाची पुडी चिमूटभर भुरभुरण्याइतकी चालून जाते, आणि गरम कामाआगेवर सोया सॉससोबत ते खरोखर चांगले लागते.

तेम्पुराबद्दल सांगितलेच पाहिजे. रताळे, लाल भोपळा, कांदा-गाजराचे भजे हे सगळे ताटात मोहक दिसते. पण ते चिकुवा (माशाच्या वाटणाची नळी), झिंगा आणि माकूळ यांच्याच तेलात तळलेले असते, आणि पिठात अंडे असू शकते. फुकट घ्यायचा ‘तेनकासु’, म्हणजे तळणातला चुरा, त्याच तेलातला. आईंसाठी हे सगळे वर्ज्य. ज्यांना एकाच ओट्यावरची भांडी, झारे, चिमटेही चालत नाहीत, त्यांनी उदोनच्या दुकानात जेवूच नये. तिथे ती वेगळी ठेवली जात नाहीत.

सेल्फ दुकानात उभे राहिल्यावर

कागावात तीन प्रकारची दुकाने आहेत: टेबलावर आणून देणारी, ‘सेल्फ’ पद्धतीची, आणि शेवया घाऊक विकणाऱ्या कारखान्याला जोडलेली चार-सहा खुर्च्यांची जागा. प्रवाशाचा संबंध बहुतेक सेल्फशी येतो. मागे रांग असते आणि ती थांबत नाही, म्हणून क्रम आधीच माहीत हवा.

आत शिरताच ट्रे घ्यायचा. मग पहिल्या माणसाला प्रकार आणि माप सांगायचे. माप ‘तामा’त, म्हणजे शेवयांच्या गुंडाळ्यांत मोजतात: शो म्हणजे एक, चू म्हणजे दोन, दाइ म्हणजे तीन. एका गुंडाळीत उकडलेल्या शेवया दोनशे ग्रॅमच्या पुढे असतात. दिवसभरात दोन-तीन दुकाने करायची असतील तर प्रत्येक ठिकाणी शोच घ्यावा. दुसऱ्या दुकानात पोट भरून जाणे ही इथली सर्वांत सामान्य चूक आहे.

काके मागितला तर काही दुकानांत हातात गार शेवयांचा वाडगा येतो. समोरच्या लांब दांड्याच्या जाळीत शेवया टाकून उकळत्या पाण्यात दहा-पंधरा सेकंद हलवायच्या, झटकून पुन्हा वाडग्यात घ्यायच्या. जास्त ठेवल्या तर त्या फुगून ढिल्या होतात. पाणी नीट झटकले नाही तर पुढे रस्सा पातळ होतो. मग तेम्पुराचा ओटा, त्यानंतर पैसे. पैसे दिल्यावर टाकीच्या तोटीखाली वाडगा धरून दाशी घ्यायची, कांद्याची पात, किसलेले आले, तेनकासु घालायचे आणि बसायचे. खाऊन झाले की ट्रे परत करण्याची खिडकी असते. एका तामाच्या काकेला साधारण तीनशे ते साडेचारशे येन, तेम्पुराच्या एका नगाला दीडशेच्या आसपास. अनेक जुन्या दुकानांत फक्त रोख चालते, म्हणून हजार येनच्या नोटा आणि सुटी नाणी जवळ हवीत.

सुनेसाठी कामातामा: कढईतल्या गरम शेवयांत कच्चे अंडे फोडून सोया सॉससह कालवायचे. शेवया गरम असतानाच भराभर ढवळले तर अंडे दाटून चिकटते, उशीर केला तर पाणीदार राहते. मुलाने मात्र गरम काकेच खावा, कारण इरिकोची थोडी कडवट, खोल चव समजायची तर ती तिथेच समजते.

उदोन इथेच का रुजला, याचे उत्तर पावसात आहे. शिकोकुचे डोंगर दक्षिणेकडून आणि चुगोकुचे उत्तरेकडून ढग अडवतात. सानुकीत पाऊस कमी, मोठी नदी नाही. प्रांतात बारा हजारांवर तळी खोदलेली आहेत, भाताच्या पाण्यासाठी. त्यांतले मान्नो तळे 821 मध्ये कूकाइ या बौद्ध आचार्याने दुरुस्त करून बांधले. त्याचा जन्मही याच प्रांतातला, झेन्त्सूजीचा. भाताला पाणी अपुरे, म्हणून भातानंतर गहू, किनाऱ्यावर मिठागरे, शोदोशिमा बेटावर सोया सॉसचे कारखाने, समोरच्या समुद्रात इरिको. वाडग्यातली प्रत्येक गोष्ट हाकेच्या अंतरावर होती. आज मात्र उदोनचा बराचसा मैदा ऑस्ट्रेलियाच्या गव्हाचा असतो. ‘सानुकी नो युमे’ हे स्थानिक वाण वापरणारी दुकाने तसे पाटीवर लिहितात.

सुधारलेला बेत

शनिवारी ओसाका आठ वाजता सोडायचे. शिन-ओसाका ते ओकायामा शिनकानसेनने पाऊण तास ते पन्नास मिनिटे, तिथून मरीन लायनर गाडीने 55 मिनिटे. ही गाडी तासाला साधारण दोनदा सुटते. 1988 मध्ये खुल्या झालेल्या सेतो महापुलावरून ती समुद्र ओलांडते: वर मोटारींचा रस्ता, खाली रूळ, मध्ये बेटे. जोराच्या वाऱ्यात पुलावरची रेल्वे थांबवतात, म्हणून परतीच्या दिवशी सकाळी वाऱ्याचा अंदाज पाहावा. पर्याय म्हणजे अवाजी बेटावरून जाणारी ओसाकाची बस किंवा कोबेची फेरीबोट. फेरीला चार तासांहून जास्त लागतात. ओसाकाच्या आसपासही बरेच फिरणार असाल तर जेआर वेस्टचा कानसाइ वाइड एरिया पास ताकामात्सुपर्यंत चालतो. फक्त या दोन रात्रींसाठी सुटी तिकिटे आणि पास यांचा हिशेब मांडून मगच घ्यावा.

साडेदहाच्या आत पोहोचून सामान स्थानकाच्या लॉकरमध्ये, आणि अकराच्या आधी उदोनच्या रांगेत. मुक्काम स्थानकाच्या बाजूला घ्यावा. कावारामाचीकडे संध्याकाळची रौनक जास्त आहे, पण पहाटेच्या गाड्या आणि आईंचे गुडघे पाहता स्थानकच बरे.

दुपारी याशिमा. कोतोदेनने कावारामाचीला गाडी बदलून कोतोदेन-याशिमा, तिथून बसने दहा मिनिटांत थेट माथ्यावर. माथा सपाट, जवळपास तीनशे मीटर उंच, खाली सेतोचा अंतर्देशीय समुद्र आणि बेटे. 1185 मध्ये तायरा आणि मिनामोतो घराण्यांची लढाई या डोंगराखाली झाली. वरचे याशिमाजी हे शिकोकुच्या 88 देवळांच्या यात्रेतले 84 वे. पायऱ्या जवळजवळ नाहीत, म्हणून आईंसाठी कोन्पिरापेक्षा हीच जागा योग्य. नोव्हेंबरात सूर्य पाचच्या सुमारास मावळतो. वर पोहोचताच पहिले काम परतीच्या शेवटच्या बसची वेळ पाहणे, कारण ती चुकली तर अंधारात डोंगर उतरावा लागतो.

रविवारी तिघांनी वेगळे व्हायचे. कुटुंबाने एकत्र आले की सतत एकत्रच राहावे हा आग्रह अशा सहलीत सर्वांत महागात पडतो. मुलगा सकाळी साडेसहाच्या आसपास कोतोदेनने कोतोहिराला निघतो. प्रवास सुमारे तासाचा, स्थानकापासून पायऱ्या दहा मिनिटांवर. 365 व्या पायरीला मोठा दरवाजा लागतो, आत पांढऱ्या छत्र्यांखाली गोड गोळ्या विकण्याचा पिढीजात परवाना असलेले पाच जण बसतात. नेहमीच्या चालीने अर्ध्या-पाऊण तासात मुख्य देऊळ येते, तिथून सानुकीचे सपाट मैदान दिसते. या देवाचा उगम गंगेतल्या मगरीच्या रूपातल्या कुंभीराशी जोडतात. समुद्रावर जाणाऱ्यांचा तो रक्षक झाला. 1868 नंतर शासनाने बौद्ध आणि शिंतो वेगळे केले, तेव्हा हे स्थान शिंतो देऊळ बनले. वरच्या देवळापर्यंतच्या उरलेल्या पायऱ्या सोडाव्यात. त्यापेक्षा खाली 1835 चे कानामारु-झा हे काबुकी नाट्यगृह पाहावे. उभे असलेले जपानमधले हे सर्वांत जुने काबुकी नाट्यगृह. दहाच्या पुढे कोतोहिरातच उदोन, बारापर्यंत परत.

तोवर सासू-सुना तामामो बागेत, म्हणजे ताकामात्सुच्या किल्ल्यात. मुख्य बुरूज 1884 मध्ये पाडला, पण खंदकात आजही समुद्राचे पाणी खेळते आणि त्यात ताइ मासे फिरतात. नोव्हेंबरअखेरपर्यंत खंदकात होडी चालते. बसून किल्ला पाहण्याची याहून चांगली सोय नाही. प्रवेश दोनशे येन.

रविवारची दुपार मुद्दाम मोकळी ठेवलेली आहे. शनिवारी पाऊस आला तर याशिमा इथे सरकते. नाही तर जोडून जोडून 2.7 किलोमीटर भरणारी छपराखालची बाजारपेठ आहे. तिथे ‘वासानबोन’ या बारीक, हस्तिदंती साखरेच्या वड्या घ्याव्यात: नुसती साखर, त्यामुळे आईंना निर्धास्त. रात्री मुलासाठी होनेत्सुकी-दोरी, मारुगामेचा हाडासकटचा लसूण-मिरीचा कोंबडीचा तुकडा. ‘हिना’ म्हणजे कोवळी, ‘ओया’ म्हणजे जून आणि चिवट. पहिल्यांदा खाणाऱ्याने हिना घ्यावी. त्याच दुकानात आईंना एदामामे, म्हणजे हिरव्या सोयाबीनच्या उकडलेल्या शेंगा, आणि साधा भात मिळतो. थंड तोफू मागवला तर वरचा कात्सुओबुशीचा (सुक्या कुपा माशाचा) कीस नको हे आधीच सांगावे, नंतर काढता येत नाही. दोन दिवस नुसत्या गव्हावर काढायचे नाहीत, म्हणून सुपरमार्केटचे साधे दही, केळी आणि भाजलेले दाणे खोलीत असावेत. दह्यातही जिलेटिन घातलेले प्रकार असतात, तेव्हा इथेही कॅमेरा लावावा.

सोमवारी रित्सुरिन, आणि तेही उजाडताच. बाग सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत उघडी असते, वेळा दर महिन्याला बदलतात. जूनमध्ये साडेपाचलाच दार उघडते, नोव्हेंबरात साडेसहा-सातला. मात्सुदाइरा सरदारांच्या काळात शंभर वर्षे काम चालून ती 1745 मध्ये पूर्ण झाली आणि 1875 मध्ये सर्वांसाठी खुली झाली. सपाट भाग 16 हेक्टर, सहा तळी, तेरा रचलेल्या टेकड्या, मागे शिउन डोंगर जणू बागेचाच भाग. सुमारे 1,400 पाइन वृक्ष आहेत आणि त्यांतल्या हजारांची छाटणी आजही हाताने होते. सकाळी सात ते नऊ या वेळात तिरप्या उजेडात त्या फांद्यांचे वळण जसे दिसते तसे दुपारी दिसत नाही. दक्षिणेकडच्या तळ्यांभोवती वाळू-खडीचे रस्ते आईंना जमतात. हिराइहो टेकडीवर मुलगा-सुनेने चढावे, एंगेत्सु-क्यो पुलाचे प्रसिद्ध दृश्य तिथूनच मिळते. आत शिरतानाच पूर्व दाराशी होडीची जागा सांगून ठेवावी, कारण नोव्हेंबरात ती लवकर भरते. नऊनंतर किकुगेत्सु-तेइ या तळ्याकाठच्या चहाघरात माच्चा आणि डाळीच्या सारणाची मिठाई मिळते. बैठक तातामीवर, म्हणजे जमिनीवरच्या गवती चटईवर आहे. आईंनी पाय बाजूला लांब केले तर कुणी काही म्हणत नाही.

साडेदहाला बाहेर पडून शेवटचा उदोन, आईंना पुन्हा कामाआगे, आणि बाराच्या आसपासची मरीन लायनर. नाओशिमा या खेपेला नाही. त्याला मंगळवार ते रविवारमधला पूर्ण दिवस आणि आधी काढलेले तिकीट लागते, आणि या तिघांकडचा तसा एकच दिवस, रविवार, पायऱ्यांना आणि होडीला दिलेला आहे.